दोन ग्रे आणि दोन मिलीसिव्हर्ट

मॅडम,
मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. डोंबिवलीहून रोज परळला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे फिजिक्सचे तास आधीच जड जातात. परवा तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पेशंटला आज दोन ग्रे दिले. तुमच्या डोस मोजणाऱ्या बॅजवर वर्षाचे दोन मिलीसिव्हर्ट आले. फरक काय?" मी म्हटलं, "एक ग्रे म्हणजे एक सिव्हर्ट, सर. म्हणून हजारपट फरक." सगळे हसले. तेव्हापासून क्युरी, बेकरेल, राँटजेन, रॅड, रेम, ग्रे, सिव्हर्ट आणि वर एमयू, सगळ्यांची खिचडी झाली आहे. तक्ता पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. जुनी एककं शिकायचीच कशाला? आणखी एक. आई रोज विचारते, एक्स-रेवाले शिशाचा एप्रन घालतात, मग तू का घालत नाहीस? तिला काय सांगू?
– गोंधळलेली, डोंबिवली

अगं, हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या उत्तरातला आकडा बरोबर होता. एक्स-रे आणि गॅमा किरणांपुरतं बोलायचं तर शरीराने एक ग्रे शोषला की समतुल्य मात्रा, म्हणजे ते किरण किती बाधतील त्याचं माप, एक सिव्हर्टच भरते. चुकला तो मधला 'म्हणजे'. ग्रेवरून सिव्हर्टवर जाताना एका आकड्याने गुणायचं असतं आणि या किरणांसाठी तो आकडा नेमका एक आहे. एकाने गुणलं की उत्तर तेच दिसतं, पण प्रश्न बदललेला असतो. हसणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत होतं, मला शंका आहे.

तक्ता पाठ करणं आधी थांबव. त्या तक्त्याने माझ्याही पिढीचं नुकसान केलं आहे: डावीकडे जुनं एकक, उजवीकडे नवं, मध्ये गुणक, आणि हे सगळे एकाच गोष्टीला दिलेली वेगवेगळी नावं असावीत असा भास. तसं नाही. एकक समोर आलं की विचार, हे कुठे उभं राहून मोजलं आहे? किरण जिथून निघतात तिथे, वाटेतल्या हवेत, मांसात, की माणसाच्या भवितव्यात? जागा कळली की नाव आपोआप बसतं.

स्रोतापासून सुरू करू. ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे सोर्स थेट गाठीजवळ नेऊन उपचार करायच्या, मशीनमध्ये इरिडियम-१९२चा तुकडा असतो, तांदळाच्या दाण्याहून बारीक. नवा येतो तेव्हा साधारण दहा क्युरीचा. क्युरी काय सांगते? दर सेकंदाला किती अणुकेंद्रकांचा क्षय होतो, एवढंच. सेकंदाला एक क्षय म्हणजे एक बेकरेल. एक क्युरी म्हणजे सेकंदाला ३,७०० कोटी. हा विचित्र आकडा एक ग्रॅम रेडियममध्ये सेकंदाला जेवढे क्षय होतात त्यावरून आला. म्हणजे दहा क्युरीचा सोर्स ३७० गिगाबेकरेलचा. यातून पेशंटला किती मिळालं? काहीच कळत नाही. तोच सोर्स तिजोरीत बंद असेल तर पेशंटला शून्य. बाहेर येऊन गाठीपासून एक सेंटीमीटरवर थांबला तर भरपूर, दोन सेंटीमीटरवर थांबला तर साधारण त्याच्या चौथा हिस्सा. क्युरी ही दुकानातली शिल्लक आहे, गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय पडलं ते नाही.

शिल्लक रोज कमी होते, तो हिशेब मात्र तोंडावर हवा. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, इरिडियम-१९२चं जवळपास ७४ दिवस. कोबाल्ट महिन्याला एक टक्का, इरिडियम दिवसाला एक टक्का, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे. कोबाल्टचा नेमका आकडा महिन्याला १.१ टक्का येतो. ०.६९३ला ६३ महिन्यांनी भागून बघ. त्यामुळे कोबाल्ट मशीनवर नवा सोर्स असताना दीड मिनिटात होणारी ट्रीटमेंट सव्वापाच वर्षांनी तीन मिनिटं खाते. म्हातारं झालेलं मशीन आणि लांबलेली रांग, दोन्ही मी पाहिली आहेत. लिनॅकचं, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनचं, तसं नाही. तिथे सोर्स नसतोच. वीज बंद केली की किरण बंद. लिनॅक किती क्युरीचा, असा प्रश्न परीक्षक मुद्दाम विचारतात, सावध राहा.

आता हवेत येऊ. ८ नोव्हेंबर १८९५ला वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटजेनना एक्स-रे सापडले आणि पाठोपाठ ते मोजायचे कसे हा प्रश्न आला. हे किरण हवेतून जाताना रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. तो विद्युतभार गोळा करून मोजला की किरण किती आले याचा अंदाज येतो. १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या रेडिओलॉजी परिषदेत राँटजेन हे एकक ठरलं ते असंच: एक घन सेंटीमीटर कोरड्या हवेत त्या काळचं विद्युतभाराचं एक एकक तयार होईल एवढे किरण. आज तेच किलोग्रॅम आणि कूलोममध्ये लिहितो तेव्हा ०.०००२५८ कूलोम प्रति किलो असा बेढब आकडा निघतो. तो पाठ करताना मुलं रडतात, पण त्यात गूढ काही नाही. जुन्या सुटसुटीत व्याख्येला नवे कपडे घातले, ते ढगळ झाले, इतकंच.

हवेतला हा विद्युतभार ऊर्जेत बदलायचा तर ३३.९७ने गुणायचं, कारण कोरड्या हवेत एक कूलोम भार सुटायला सरासरी तेवढे ज्यूल लागतात. ०.०००२५८ गुणिले ३३.९७, उत्तर ०.००८७६ ज्यूल प्रति किलो. रॅड हे शोषलेल्या ऊर्जेचं जुनं एकक, किलोला ०.०१ ज्यूल. म्हणजे एक राँटजेन हवेतून गेला की हवेने ०.८७६ रॅड शोषला. पूर्ण एक नव्हे, पण एकाच्या आसपास.

इथेच तुझ्या 'जुनी एककं कशाला' या प्रश्नाचं उत्तर देते. सोनाराकडे गेलीस की अजून तोळ्याचाच भाव ऐकतेस ना? खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. आमच्याकडे जुने लोक सर्व्हे मीटर हातात घेऊन 'एक राँटजेन, एक रॅड, एक रेम, सगळं सारखंच' म्हणायचे (रेम म्हणजे सिव्हर्टचा शंभरावा भाग), ते याच हिशेबाने. दाराबाहेर गळती आहे का, एवढंच पाहायचं असेल तेव्हा चालून जातं. पेशंटच्या डोसमध्ये बारा टक्क्यांची ही ढिलाई केलीस तर ती चूक ठरते. आणि जुनी नावं तुला रोज भेटणार आहेत. नवा सोर्स आला की विभागात कुणी 'किती बेकरेल' विचारत नाही, 'किती क्युरीचा आला' असंच विचारतात. चार्टवर दोन ग्रेऐवजी २०० सेंटीग्रे लिहितात, कारण एक सेंटीग्रे बरोबर एक रॅड. जुन्या माणसांच्या हाताला २०० लिहायची सवय होती, ती मोडायला नको म्हणून सेंटीग्रे रुळला. माझ्या मते ही सोय फार चांगली नाही. दोन पद्धती एकाच विभागात नांदल्या की शंभरपटीच्या चुकीला दार किलकिलं राहतं. म्हणून नुसता आकडा कधीच लिहू नकोस. एकक लिहायला लागणारा अर्धा सेकंद देत जा.

राँटजेनला मर्यादा आहेत. तो फक्त एक्स-रे आणि गॅमासाठी, फक्त हवेसाठी, आणि साधारण ३ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) खालीच नीट मोजता येतो. पेशंट हवेचा बनलेला नाही. म्हणून तिसरी जागा, मांस.

ग्रे हे एकक अगदी सरळ आहे. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. कुठलाही पदार्थ, कुठलेही किरण. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं नाव १९७५ मध्ये या एककाला मिळालं. बेकरेलही त्याच वर्षी आलं, सिव्हर्ट १९७९ मध्ये.

पण या ज्यूलपाशी थोडं थांब. आपल्याकडे पेशंट रेडिएशनला 'शेक' म्हणतात. 'डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितलेत.' शब्द गोड आहे, पण त्याने वाटतं की आत काहीतरी भाजून निघतं. हिशेब करू. सत्तर किलोच्या माणसाला सबंध अंगावर एकदम चार ग्रे मिळाले तर उपचारांशिवाय त्याच्या जिवाला खरा धोका असतो. त्याने शोषलेली एकूण ऊर्जा किती? चार गुणिले सत्तर, २८० ज्यूल. आता साठ अंशांचा कटिंग चहा पोटात जाऊन ३७ अंशांवर येतो तेव्हा एवढीच उष्णता द्यायला किती चहा लागेल? सुमारे तीन मिलीलिटर. एक घोटसुद्धा नाही, छोटा चमचा अर्ध्याहून थोडा जास्त भरेल. त्या चार ग्रेंनी अंगाचं तापमान अंशाच्या एक हजारांशाने वाढतं. थर्मामीटरला ते कळणारही नाही.

मग माणूस मरतो कशाने? ऊर्जा कुठे आणि कशी पडते, यामुळे. चहाची उष्णता सगळ्या रेणूंत सारखी वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर. किरणांची ऊर्जा मोजक्या जागी गठ्ठ्याने पडते आणि त्यातली एखादी जागा डीएनएची असते. एका ग्रेमध्ये एका पेशीत डीएनएच्या एका धाग्याला सुमारे हजार तुटी पडतात. त्या बहुतेक पेशी दुरुस्त करते. दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याच्या घटना सुमारे चाळीस, आणि जीव घेतात त्या याच. म्हणून ग्रे आवश्यक आहे, पण पुरेसा नाही.

मांसातच आणखी एक घोळ असतो, कर्मा. पहिल्या वर्षाला हा शब्द आला की अर्धा वर्ग नशिबाचे विनोद करतो आणि मूळ मुद्दा राहून जातो. समज, तू डोंबिवली स्टेशनच्या एटीएममधून हजार रुपये काढलेस आणि परळपर्यंत येता येता चहा, रिक्षा, झेरॉक्समध्ये खर्च केलेस. पैसे हातात आले एका जागी, खर्च झाले वाटेत. फोटॉन, म्हणजे किरणांचा एकेक कण, येऊन इलेक्ट्रॉनला धक्का देतो तेव्हा इलेक्ट्रॉनच्या हातात ऊर्जा पडते, त्या जागेचा तो कर्मा. इलेक्ट्रॉन पुढे जाता जाता ती खर्च करतो, तिथला तो शोषित डोस. त्वचेपाशी पैसे काढणारे पुष्कळ, पण खर्च करत आलेले अजून कुणीच नाहीत. म्हणून त्वचेला कमी मिळतं आणि आत गेल्यावर डोस शिखराला पोचतो. कोबाल्टला ते शिखर अर्ध्या सेंटीमीटरवर, ६ एमव्हीच्या (साठ लाख व्होल्टच्या) लिनॅकला दीड सेंटीमीटरवर. जुन्या कमी ऊर्जेच्या मशीनांनी कातडी जळायची आणि आताच्या मशीनांनी ती बऱ्यापैकी वाचते, त्यामागे हेच कारण आहे.

जाता जाता: एक्स-रेच्या बीमला एमव्ही म्हणायचं आणि इलेक्ट्रॉनच्या बीमला एमईव्ही. ६ एमव्हीच्या बीममध्ये सहा एमईव्हीचे फोटॉन अगदी थोडे असतात, सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. सगळे सारखे नसतात म्हणून तिथे व्होल्टचं नाव देतात. तोंडी परीक्षेचा हा आवडता प्रश्न.

आता माणूस. इथे मी मिरचीकडे वळते. पन्नास ग्रॅम ढोबळी मिरची भाजीत घातलीस तर कुणी पाण्याचा पेला मागत नाही. पन्नास ग्रॅम लवंगी मिरची घातलीस तर घरात आरडाओरडा. वजन तेच, ग्रॅम तेच. ग्रे म्हणजे हे ग्रॅम. झोंबतं किती ते मिरचीच्या जातीवर अवलंबून, आणि तसाच किरणांचाही एक गुणक असतो. एक्स-रे, गॅमा आणि इलेक्ट्रॉन यांना १, प्रोटॉनला २, अल्फाला २०. न्यूट्रॉनचा गुणक त्याच्या ऊर्जेनुसार बदलतो. ग्रेला या गुणकाने गुणलं की समतुल्य मात्रा मिळते, एकक सिव्हर्ट. अल्फाचा एक ग्रे म्हणजे वीस सिव्हर्ट. तू परीक्षकांसमोर म्हणालीस ते ढोबळ्या मिरचीपुरतं खरं होतं.

आता तीच लवंगी चिरलेला हात तळव्यालाच पुसलास तर फारसं काही होत नाही, डोळ्याला लावलास तर दिवस वाया. कुठे लागलं यालाही किंमत आहे. म्हणून प्रत्येक अवयवाला दुसरा एक गुणक दिला आहे: फुप्फुस, जठर, मोठं आतडं, स्तन, अस्थिमज्जा यांना प्रत्येकी ०.१२, जननग्रंथींना ०.०८, थायरॉइडला ०.०४, आणि असे सगळे मिळून बरोबर एक. हे गुणक लावून केलेली बेरीज म्हणजे प्रभावी मात्रा. तिचंही एकक सिव्हर्टच. एकाच नावाच्या दोन गोष्टी ठेवल्या, ही या शास्त्राने विद्यार्थ्यांवर केलेली कुरघोडी आहे असं माझं जुनं मत आहे, पण आता ते बदलणार नाही. तेव्हा कुणी सिव्हर्ट म्हटलं की विचार, 'कोणता, अवयवाचा की सबंध माणसाचा?'

आणि हे लक्षात ठेव की सिव्हर्ट हे सावधगिरीचं एकक आहे. थोड्या डोसाने पुढेमागे कॅन्सर होण्याची शक्यता किती वाढेल, याचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी ते बनवलं. आपण ट्यूमरला देतो तो डोस पेशी मारण्यासाठी असतो, तिथे शक्यतेचा प्रश्न नाही. म्हणून पेशंटच्या चार्टवर सिव्हर्ट लिहीत नाहीत आणि तुझ्या बॅजवर ग्रे लिहीत नाहीत.

तर परीक्षकांना द्यायचं उत्तर असं होतं: "सर, दोन ग्रे ट्यूमर आणि त्याच्या भोवतालच्या थोड्या भागाने शोषले, एका दिवसात, मुद्दाम, पेशी मारण्यासाठी. दोन मिलीसिव्हर्ट ही माझ्या सबंध शरीराची अंदाजी मात्रा आहे, वर्षभरात साठलेली, नको असलेली. दोन्ही आकडे तुलनेला ठेवता येत नाहीत." एवढं म्हणून गप्प बसायचं. पुढे विचारलं तर मिरची काढायची.

एमयूबद्दल थोडक्यात, कारण या सगळ्यात ते घुसवलंस तिथेच गोंधळ वाढला. मॉनिटर युनिट हे ग्रेसारखं एकक नाही. लिनॅकच्या डोक्यात बसवलेल्या आयन चेंबरची, म्हणजे किरणांनी सुटलेला विद्युतभार मोजणाऱ्या डबीची, ती मोजणी आहे, रिक्षाच्या मीटरसारखी. मीटर असं लावून ठेवतात की ठरावीक परिस्थितीत, म्हणजे १० बाय १० सेंटीमीटरचं फील्ड, पृष्ठभाग १०० सेंटीमीटरवर आणि डोस शिखराच्या खोलीवर मोजलेला, १०० एमयू म्हणजे १०० सेंटीग्रे. पेशंट त्या परिस्थितीत कधीच नसतो. गाठ दहा सेंटीमीटर खोल असेल तर ६ एमव्हीला तिथे शिखराच्या साधारण ६७ टक्केच पोचतं, म्हणून एकाच फील्डने २०० सेंटीग्रे द्यायला सुमारे ३०० एमयू लागतील. तेव्हा दोन पेशंटना सारखाच डोस आणि एमयू वेगळे दिसले तर घाबरू नकोस. सारखे दिसले तर मात्र एकदा पुन्हा बघ.

आता मी स्वतः खाल्लेली एक ठेच, कारण मोजमापाबद्दल पुस्तकातून कळत नाही ते मला तिने शिकवलं. मशीन तपासायला आपण वापरतो तो आयन चेंबर हवेने भरलेला असतो आणि बाहेरच्या हवेला उघडा असतो. हवा गरम झाली किंवा दाब कमी झाला की आतले रेणू कमी होतात आणि तेवढ्याच किरणांना चेंबर कमी आकडा दाखवतो. म्हणून वाचन तापमान-दाबाच्या गुणकाने गुणायचं, प्रमाण २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल. मुंबईत पावसाळ्यात समज खोलीत २४ अंश आणि दाब १००.४, तर गुणक १.०२३. सव्वादोन टक्के. विसरलीस तर तेवढी चूक.

मी नवी होते तेव्हा घाटावरच्या एका हॉस्पिटलात मशीनचं आउटपुट, म्हणजे ते किती डोस देतं ते, तपासायला मला पाठवलं. तिथला बॅरोमीटर बिघडलेला. मी हुशारी केली. वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या रकान्यातून त्या शहराचा दाब घेतला आणि गुणकात टाकला. आउटपुट सहा टक्के कमी निघालं. मशीन बिघडलंय, आउटपुट वाढवून घ्यावं लागेल, असा मी निष्कर्ष काढला आणि मुंबईला सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "बाई, हा दाब कुठल्या उंचीवरचा?" हवामानाच्या बातम्यांत दाब समुद्रसपाटीवर आणून देतात, म्हणजे मग सगळ्या गावांची तुलना करता येते. माझा चेंबर समुद्रसपाटीवर नव्हता, साडेपाचशे मीटर वर होता, आणि तिथला खरा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. मशीन ठणठणीत होतं. त्या दिवशी आउटपुट वाढवलं असतं तर पुढचा प्रत्येक पेशंट सहा टक्के जास्त घेऊन घरी गेला असता.

मुंबईत ही चूक लपून राहते, कारण आपण समुद्रालाच लागून आहोत, बातमीतला दाब आणि खोलीतला दाब जवळजवळ एकच. इथे शिकलेली मुलं पुण्या-नाशिकला नोकरीला गेली की अडखळतात ती इथेच. आता फोनवरही तोच समुद्रसपाटीचा आकडा येतो. बॅरोमीटर विभागाचाच हवा, आणि तो कुणी, कधी तपासला ते विचारायला लाजू नकोस.

आता आईचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, तुझ्या परीक्षकांच्या प्रश्नाहूनही चांगला. एक्स-रे विभागातले किरण कमी ऊर्जेचे. अर्ध्या मिलिमीटर शिशाच्या एप्रनमध्ये त्यांतले बहुतेक अडतात. कोबाल्टचे किरण निम्मे व्हायला शिशाचा १२ मिलिमीटर थर लागतो. त्यांच्यासमोर अर्ध्या मिलिमीटरचा एप्रन घातलास तर सुमारे तीन टक्के अडतील आणि सत्त्याण्णव आरपार जातील. तू उगाच पाच किलोचं ओझं घेऊन उभी राहशील. म्हणून आईला सांग, एप्रन आहे, पण तो मी नाही, खोली घालते. मुख्य किरणांच्या वाटेत काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत जाड काँक्रीट, नागमोडी वाट, आणि दार उघडलं तर बीम बंद करणारं इंटरलॉक. मशीन सुरू असताना तू बाहेर, पडद्यावर पेशंटकडे बघत.

तिला आकडेही सांग. अणुशक्तीनगरात बसणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाने आपल्यासारख्या कामगारांना घालून दिलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. बाहेरच्या माणसासाठी १. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात, नोकरी काहीही असो. परीक्षकांनी तुझ्या बॅजवर टाकलेले दोन मिलीसिव्हर्ट त्याहून कमी आहेत, आणि नीट चाललेल्या विभागात बहुतेकांचा आकडा याच्याही खालीच असतो. आई पुढे विचारेल, पेशंटला हात लावलास तर? लिनॅकचा किंवा कोबाल्टचा शेक घेऊन आलेल्या पेशंटच्या अंगातून किरण येत नाहीत, विजेचा दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ प्यायलेल्या पेशंटचं वेगळं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी अशांना वेगळी खोली आणि वेगळे नियम असतात, कारण तिथे सोर्सच पोटात गेलेला असतो. त्याचं अर्धायुष्य आठ दिवस.

बॅज मात्र घरी आणू नकोस. ड्यूटी संपली की कंट्रोल बॅजच्या (कुणीच न घालता तुलनेसाठी ठेवलेल्या) शेजारी, किरणांपासून लांब ठेवलेल्या जागी लटकव, आणि ट्रीटमेंट रूममध्ये तर चुकूनही विसरू नकोस. माझा एकदा पांढऱ्या कोटाच्या खिशात राहून धुलाईला गेला. इस्त्री होऊनच परत आला. त्या तीन महिन्यांच्या आकड्याचं काही खरं राहिलं नाही आणि मला दोन पानी खुलासा लिहावा लागला. सरांनी त्यावर सही करताना विचारलं, "बाई, स्टार्च किती घातला होता?"